शेवटचे वीस फूट

हरिहरेश्वर ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एवढ्या अंतराला त्याला एक मिलिसेकंद पुरतो. जाऊन परत यायला दोन. केबल काही सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं असतात, कंपनी आपला डेटा कुठून कुठे फिरवेल याचा नेम नसतो. तरी गावातल्या घरात फायबर पोचलं असेल, तर मुंबईतला गेम सर्व्हर दहा-पंधरा मिलिसेकंदांवर असायला हरकत नाही. त्याच घरात पडवीतल्या राउटरपासून माजघरापलीकडच्या खोलीतल्या संगणकापर्यंत वीस फूट अंतर असतं. ते कापायला वायफायला कधी तीन मिलिसेकंद लागतात, कधी पाच आणि मध्येच साठ. गेममधला गडी मरतो तो त्या साठमध्ये.

घरी पीसीवर खेळणाऱ्या पोरांत ‘वायर की वायफाय’ हा वाद रोजचा आहे. त्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: तार म्हणजे गेलेला जमाना, बिनतारी म्हणजे येणारा. राउटरच्या खोक्यावर सहा-आठ अँटेना उभारलेलं चित्र हेच सांगत असतं. पण या किनाऱ्याने आणि त्याच्या उत्तरेला बसलेल्या मुंबईने तार आणि बिनतारी यांची झुंज गेल्या शंभर वर्षांत तीनदा पाहिली आहे. तिन्ही वेळा तारेचे दिवस भरले असं वाटलं आणि तिन्ही वेळा ती परत आली. पीसीपर्यंत वायर ओढायची की नाही, हे ठरवण्याआधी तो जुना हिशेब एकदा मांडून बघावा.

तार आधी आली. विल्यम ओ'शॉनेसी हा पेशाने डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीचा वरदहस्त मिळाल्यावर १८५४ मध्ये मुंबई आग्र्यामार्गे कलकत्त्याला जोडली गेली आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून सामान्य माणसालाही पैसे भरून संदेश धाडता येऊ लागला. ओ'शॉनेसीने युरोपातल्यासारख्या बारीक तारा न वापरता जाड लोखंडी सळया वापरल्या. कारण इथे वादळं होती, तारांवर दाटीने बसणाऱ्या घारी होत्या आणि माकडं होती. माकडं लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहेत.

१८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या तेव्हाच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतळाशी केबल टाकली आणि मुंबई थेट लंडनशी बोलू लागली. ज्या बातमीला आगबोटीने आठवडेच्या आठवडे लागत, ती काही तासांत येऊ लागली. कापसाच्या दलालांचं नशीब त्या एका केबलने फिरवलं. कोकणात मात्र तारेची ओळख वेगळी होती. गिरणीत गेलेल्या माणसाचे पैसे मनीऑर्डरने यायचे आणि वाईट बातमी तारेने. पोस्टमन दारात दिसला आणि त्याच्या हातात तार आहे असं कळलं, की ती कुणी वाचून दाखवायच्या आत घरात रडारड सुरू व्हायची. तारखात्याची ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा हळहळणारे बरेच होते. त्यांतल्या किती जणांनी त्याआधीच्या वीस वर्षांत तार केली होती, हा प्रश्न न विचारलेला बरा.

पहिली झुंज १९२७ ची. मार्कोनीच्या तंत्राने लघुलहरींचा एकाच दिशेने झोत टाकणारी बिनतारी सेवा त्या वर्षी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात सुरू झाली. आपल्याकडचं संदेश धाडण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि घेण्याचं दौंडला. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचं नभोवाणी केंद्रही सुरू झालं, म्हणजे वर्षच बिनतारीचं होतं. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आणि उन्हाळा आठवतो. विलायतेहून आलेला संदेश तिथल्या माळावरच्या तारांच्या जाळ्यात पकडला जात असे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या झोताला समुद्राच्या तळाशी हजारो मैल तांबं अंथरावं लागत नव्हतं, दुरुस्तीला जहाज लागत नव्हतं, त्यामुळे दर कमी ठेवता आले. गिऱ्हाईक तिकडे वळलं. ज्या केबल कंपन्यांनी साठ वर्षं मक्तेदारी भोगली, त्यांचं धाबं दणाणलं. बाजाराच्या नियमाने बघितलं तर केबल मरायला हवी होती. पण सरकारच्या डोक्यात दुसरा हिशेब होता. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत येतात. तो थर दिवसा वेगळा, रात्री वेगळा आणि सूर्यावर काही बिघडलं की आणखीच वेगळा. संदेश कधी खणखणीत येई, कधी विरत जाई. शिवाय हवेत सोडलेला शब्द कुणीही ऐकू शकतो, आणि युद्धात ते परवडत नाही. १९२८ मध्ये लंडनला साम्राज्याची खास परिषद भरली आणि तिने दोघांची सोयरीक लावून दिली. १९२९ मध्ये एकत्र कंपनी झाली. १९३४ मध्ये तिचं नावच ‘केबल अँड वायरलेस’ ठेवण्यात आलं. आपल्याकडे हेच १९३२ मध्ये झालं आणि ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ ही कंपनी उभी राहिली.

या कंपनीची पुढची वंशावळ बघण्यासारखी आहे. १९४७ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. तिची ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ झाली आणि १९८६ मध्ये ‘विदेश संचार निगम’. याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह मोजक्या शहरांत सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. आज जो मुलगा वायर की वायफाय यावरून मित्राशी भांडतो, त्याच्या आधीच्या पिढीला इंटरनेट देणारं खातंच त्या भांडणाच्या तडजोडीतून जन्मलेलं आहे.

मग बिनतारीचं काम नेमकं कुठलं? ते याच किनाऱ्याला १७ जुलै १९४७ ला फार महागात कळलं. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट आषाढी अमावास्येच्या दिवशी, ऐन पावसात, बंदरापासून काही मैलांवर उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली, बरीचशी आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली. सणाला घरी निघालेले चाकरमानी होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. वाचलेले लोक पोहत, होड्यांतून किनाऱ्याला लागले तेव्हा मुंबईला बातमी कळली. चालत्या बोटीला तार जोडता येत नाही, तिला बिनतारीच हवी. मुंबई-लंडन हलत नाहीत. त्यांच्यामध्ये तार टाकता येते आणि एकदा टाकली की ती सूर्याच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. पुढच्या दोन्ही झुंजींत याच एका फरकाला महत्त्व आलं.

दुसरी झुंज थोडक्यात सांगतो. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला फेब्रुवारी १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्राचं उद्घाटन झालं. आता परदेशाशी बोलायला समुद्रातली केबल कशाला, असंच तेव्हा वाटलं. पण हे केंद्र ज्या उपग्रहाशी बोले तो विषुववृत्ताच्या वर जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. अमेरिकेतल्या मुलाशी फोनवर बोलताना दोघेही एकदम बोलायला लागायचे, मग दोघेही एकदम थांबायचे, आणि मिनिटाला मोजले जाणारे पैसे त्या शांततेत जायचे. बोलणं निभावलं. गेम त्या अर्ध्या सेकंदात निभावला नसता. नव्वदच्या दशकात मुंबईच्या किनाऱ्याला काचेच्या तंतूंच्या केबली लागल्या आणि आज देशांदेशांमधला जवळजवळ सगळा डेटा समुद्रतळातूनच जातो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांत इंटरनेट रांगायला लागलं. आकाशात एवढे उपग्रह असताना समुद्रातल्या तारेला काही झालं म्हणून आपण अडतो, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

तिसरी झुंज गावातली, आणि तिचा निकाल अजून लागतो आहे.

कोकणात तार ओढणं मुळात कटकटीचं. वाडी एका डोंगराच्या पोटात, दुसरी वाडी खाडीपलीकडे, मध्ये रान. म्हणून नव्वदच्या दशकात खेड्यांतल्या सार्वजनिक फोनसाठी देशभर बिनतारी यंत्रणा बसवली गेली. सरकारी कागदावर गाव जोडलं जाई आणि प्रत्यक्षात फोन मुका असे. पुढे ती मोडीत काढून छपरावर छोटी अँटेना लावलेले फोन आले, मग मोबाइल आला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा इतका स्वस्त केला, की घरी वायर घेण्याचा विचारच लोकांनी सोडला. हरिहरेश्वरसारखं गाव टेकड्यांच्या कुशीत आहे. हरिहरेश्वर, हर्षिनाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री ही त्यांची नावं. देवाला हे कोंदण शोभून दिसतं, पण मोबाइलच्या लहरींना टेकडी म्हणजे भिंतच. एका घरात चार दांड्या आणि शेजारच्या घरात एकही नाही, ही तक्रार कोकणातल्या कुठल्याही गावात ऐकू येते.

शहरातला गेम खेळणारा या काळात उलट्या वाटेने चालला होता. दोन हजारनंतरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत ‘काउंटर-स्ट्राइक’चे डाव रंगायचे. संगणक एकमेकांना वायरने जोडलेले, त्यामुळे कुणाला उशीर होण्याचा प्रश्न नव्हता. हरलास तर तू हरलास. सोसायट्यांत केबलवाला एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर निळी-करडी नेटवर्क वायर फेकायचा, ती गुलमोहराला घासत लोंबायची, पहिल्या पावसात मरायची, आणि तरी तिच्यावर गल्ल्यांचे सामने झाले. त्या पिढीला पिंगची, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाची, किंमत कळली ती वायरवर. मोबाइलवर गेम शिकलेल्या पुढच्या पिढीला वायरचा संबंधच आला नाही. ती आता पीसीकडे वळते आहे आणि येताना वायफायची सवय घेऊन येते आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. पोफळी आणि माड आडवे झाले, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले आणि कित्येक दिवस फोन लागत नव्हते. मुंबईत टाळेबंदीत अडकलेल्या चाकरमान्याला घर उभं आहे की नाही हेही कळेना. योगायोग असा, की ‘व्हॅलरंट’ हा आज आपल्याकडे पीसीवर भरपूर खेळला जाणारा गेम त्याच्या आदल्याच दिवशी जगभर खुला झाला होता. श्रीवर्धन तालुक्यात त्या दिवसांत कुणाला त्याचं काय! पण वादळाने एक गोष्ट उघडी केली. मोबाइलला आपण बिनतारी म्हणतो, तो टॉवरपर्यंतच बिनतारी असतो. टॉवरला वीज तारेने येते आणि तिथून पुढे डेटाही बहुतेक ठिकाणी फायबरनेच जातो. खांब पडले, डिझेल संपलं, की टॉवर नुसता लोखंडाचा सांगाडा. तार नको म्हणणाऱ्याची सगळी भिस्त दुसऱ्या कुणीतरी ओढलेल्या तारेवर असते.

त्यानंतरच्या वर्षांत किनाऱ्यावरच्या गावांत घरोघरी फायबर येऊ लागलं. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ या पाटीखाली आता ‘फ्री वायफाय’ असतं. म्हणजे तार तिसऱ्यांदाही परत आली, पण उंबरठ्यापर्यंत. पुढचे वीस फूट आपण हवेवर सोडले आहेत आणि नेमकी तिथेच गोची आहे.

कोकणातली भिंत जांभ्याची. चिऱ्याचं बांधकाम, दोन्हीकडून गिलावा, जुन्या घरात जाडी दीड फुटापर्यंत. जांभा सच्छिद्र असतो. आषाढात तो ओल धरतो आणि पाणी म्हणजे वायफायच्या लहरी गिळणारी वस्तू. पाच गिगाहर्ट्‌झचा वेगवान पट्टा अशी एक भिंत कशीबशी ओलांडतो, दुसरीला माघार घेतो. मग संगणक गुपचूप दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्‌झवर उतरतो. तो पट्टा २००५ मध्ये आपल्याकडे विनापरवाना वापराला खुला झाला. एके काळी तर घरातल्या साध्या रेडिओलाही पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, हे आजीला विचारून बघा. खुला झाला म्हणजे सगळ्यांचा झाला. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, फाटकावरचा कॅमेरा, सगळे त्याच चिंचोळ्या पट्ट्यात. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन.

हे सगळं असं का होतं, याचं उत्तर हवाई बेटांत आहे. १९७१ मध्ये तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ उभारलं. मध्ये समुद्र, तार टाकणं अवघड, म्हणून बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. नियम सोपा होता: ज्याला बोलायचं त्याने बोलावं, दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर थोडं थांबून पुन्हा बोलावं. आपल्या ग्रामसभेत चालतं तसंच. गणिताने असं निघालं, की या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त अठरा टक्के क्षमताच कामी येते, बाकीची धडका आणि गप्प बसणं यांत जाते. ही कल्पना वाचून झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या बॉब मेटकाफने १९७३ मध्ये ती तारेत आणली, बोलण्याआधी कानोसा घेण्याची शिस्त घातली, आणि त्यातून ‘इथरनेट’ जन्मलं. आज संगणकाच्या मागे जी वायर खोचतो ती हीच. म्हणजे वायर ही बिनतारीची लेक आहे, आई नव्हे. पुढे तारेला स्विच मिळाले, जाणारी आणि येणारी वाट वेगळी झाली, धडकच संपली. वायफाय मात्र हवेतच राहिलं. त्याने शिस्त खूप सुधारली, वेग हजारपट केला, पण एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा हवेचा कायदा त्याला पुरता मोडता आलेला नाही. पाहुण्यांच्या खोलीतला टीव्ही बोलत असेल, तर तुमच्या बंदुकीची गोळी थांबते.

हे स्वतः बघायचं असेल तर संगणकावरच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ची आज्ञा द्या आणि पत्ता इंटरनेटवरचा नव्हे, आपल्याच राउटरचा द्या. वायरवर ओळीमागून ओळ एकच उत्तर येतं: एक मिलिसेकंदाहून कमी. वायफायवर दोन, तीन, दोन, चार, तीन असं चालू असताना मध्येच चाळीस येतं, कधी एखादी ओळ उत्तराविनाच जाते. सरासरी काढली तर फरक किरकोळ, आणि म्हणूनच स्पीड टेस्ट दाखवून ‘आमचं वायफाय उत्तम आहे’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ‘व्हॅलरंट’चा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी जगाचा नवा हिशेब करतो. चाळीस मिलिसेकंदांचा एक खड्डा म्हणजे पाच हिशेब हुकले. सिनेमा बघणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याचं पुढचं अर्धं मिनिट आधीच उतरवून ठेवलेलं असतं. गेममध्ये पुढचा क्षण अजून घडलेलाच नसतो, तर साठवणार काय?

तेव्हा आमचा कौल स्पष्ट आहे. टेबलावर ठेवलेल्या पीसीला वायर. लॅपटॉप, फोन, टॅब, जे हातात फिरतं त्याला वायफाय. याच न्यायाने माऊसचा निकाल उलटा लागतो. माऊस हलता असतो, त्याची वायर टेबलाच्या कडेला अडकते, आणि चांगला बिनतारी माऊस आपल्या स्वतंत्र डाँगलशी हातभर अंतरावरून सेकंदाला हजार वेळा बोलतो. बडे व्यावसायिक खेळाडूही आता बिनतारी माऊस वापरतात. मात्र ब्लूटूथचे हेडफोन गेमला घेऊ नयेत, त्यात आवाज मागाहून येतो आणि पावलांची चाहूल उशिरा लागते.

वायफायची बाजूही सांगायला हवी. राउटर त्याच खोलीत असेल, पाच गिगाहर्ट्‌झवर असेल आणि घरात गर्दी नसेल, तर मित्रांबरोबर हौसेने खेळणाऱ्याला फरक जाणवणार नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथेही पर्याय नाही. आणि वायर टाकली की सगळं सुटलं असंही नव्हे. शनिवारी संध्याकाळी आलेले पर्यटक समुद्राचे व्हिडिओ एकदम चढवायला लागले, की घराबाहेर जाणारा डेटा राउटरमध्येच तुंबतो आणि वायरवरचा पिंगही शंभरावर जातो. त्यावर उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये असतो: पाहुण्यांच्या जोडणीला वेगाची मर्यादा घाला. नवा राउटर आणायची गरज नाही.

वायरचे शत्रू कोकणात पुष्कळ आहेत. खारी हवा वायरीच्या टोकाच्या आरजे-४५ जोडणीच्या पिनांना गंजवते. आठ पिनांतली एखादी गेली तरी जोडणी गिगाबिटवरून शंभर मेगाबिटवर घसरू शकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बाजारात स्वस्त वायर मिळते, ती ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. ती इथे टिकत नाही. शुद्ध तांब्याची कॅट-६ मागून घ्या. उंदीर आहेतच. आणि ओ'शॉनेसीला सतावणारी माकडं अजून कामावर आहेत: खांबावरून घरात येणाऱ्या फायबरला वानरं लोंबकळतात, तेव्हा ती केबल झाडांच्या फांद्यांपासून दूर आणि ताणून बांधून घ्या.

सगळ्यांत मोठी भीती विजेची, आकाशातल्या. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतात. फायबर काचेचं, त्यातून वीज वाहत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि तांब्याची वायर यांतून ती संगणकात शिरते. ढग वाजायला लागले की प्लग आणि वायर दोन्ही काढून ठेवा. वाडीत माडांखाली पर्यटकांसाठी वेगळ्या खोल्या बांधल्या असतील, तर मुख्य घरापासून तिथवर तांब्याची वायर मुळीच नेऊ नका. मधलं अंतर फायबरनेच जोडा. घराच्या आतले वीस फूट तांब्याने, दोन इमारतींमधलं अंगण काचेने.

आणि मोबाइलचा डेटा पॅक बंद करू नका. पुढचं वादळ येईल तेव्हा खांबांवरची फायबर आधी तुटेल आणि कदाचित टॉवर तग धरेल, किंवा याच्या उलटही होईल. १९२८ च्या परिषदेनेही दोन्ही ठेवले होते.

हे सगळं लिहिण्यामागे एक व्यवहाराची मागणी आहे. निसर्गनंतर या पट्ट्यात घरांची छपरं बदलली, नव्या खोल्या चढल्या, संडास-बाथरूम आत आले. भिंतीत पंख्यासाठी पाइप टाकला जातो, एसीसाठी टाकला जातो, कॅमेऱ्यासाठीही टाकला जातो. नेटवर्कच्या वायरीसाठी सहसा कुणी टाकत नाही. जांभ्याच्या पक्क्या भिंतीत मागाहून झिरी मारणं म्हणजे धूळ, खर्च आणि आईची बोलणी. बांधकाम चालू असताना तोच पाइप काही शे रुपयांत होतो. राउटर बसणार त्या जागेपासून प्रत्येक खोलीपर्यंत इंचभर व्यासाचा एक रिकामा पाइप, आत ओढायला दोरी, दोन्ही टोकांना बॉक्स, विजेच्या वायरीपासून वेगळा. आज पोरगा गेम खेळेल, उद्या त्याच वायरीवर सून घरून नोकरी करेल. ग्रामपंचायतीने नव्या बांधकामाच्या परवानगीबरोबर एवढी सूचना छापून दिली तरी पुष्कळ होईल.

यंदा घराचं काम काढणार असाल, तर वायरमनला पाइपाचं आताच सांगून ठेवा. दिवाळीनंतर कोकणात गवंडी आणि वायरमन दोघेही हाताला लागत नाहीत.